डावीकडे जाणारे छर्रे

हाउन्सलो,
१८ जानेवारी २००४

ती. बाबांस,
कस्तुरीचा सा. न. वि. वि.

फोनवर माझं एक वाक्य तुम्हाला ऐकू गेलं नाही आणि शेजारच्या यमुनाकाकूंना मात्र सगळं ऐकू गेलं, म्हणून हे पत्र. जन्मभर फौजेच्या बंदुका दुरुस्त करून तुम्ही कान घालवलेत, आता त्या विद्येचा लेकीला तरी उपयोग होऊ द्या.

दोन वर्षं मी इथे लंडनच्या क्लबात पिस्तूल नेमबाजी करते, हे तुम्हाला ठाऊक आहे. घाबरू नका, या देशात बारुदाच्या पिस्तुलाला बंदी आहे. माझं हवेचं आहे, दहा मीटरवरच्या कागदावर छर्रे मारायचं. सात मार्चला काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, संघाची निवड आहे, पाच जणी घेणार. माझं चांगलं चाललं होतं. पण नाताळात एअरपोर्टवरच्या आमच्या कार्गो ऑफिसात इतकी गर्दी होती की दोन महिने क्लबला जाता आलं नाही, आणि परत गेले तर सगळे छर्रे डावीकडे! नेम धरायची मागची खाच, तुमची बॅकसाइट, जरा उजवीकडे सरकवावी म्हटलं तर ती जागची हलत नाही. बारका स्क्रू सैल केला, अंगठा दुखेपर्यंत दाबलं. ढिम्म. दुकानवाले दुरुस्तीला आठ आठवडे मागतात, आणि क्लबचं पिस्तूल माझ्या मुठीत मावत नाही.

खरं विचारायचंय ते निराळंच. दोष साइटचा की माझ्या हाताचा? एनसीसीच्या दिल्लीच्या नेमबाजी शिबिरासाठी माझं नाव निघालं होतं, तेव्हा कॉलेजातल्या निंबाळकर मॅडमना तुम्हीच सांगितलंत की पोरीचा हात थरथरतो. मी एकोणीस वर्षांची होते. अजून पिस्तूल उचललं की आधी ते आठवतं. पण या वेळी माघार घेणार नाही, बाबा. हात असेल तर हात सुधारीन, साइट असेल तर साइट सोडवीन. फक्त कुठलं ते सांगा.

ह्यांचा नमस्कार. उत्तराला उशीर करू नये, एवढा लोभ करावा.

तुमची,
कस्तुरी


सातारा,
२९ जानेवारी २००४

चि. सौ. कस्तुरीस,
अ. उ. आशीर्वाद.

पत्र पोचले. यमुनाबाईंनी बातमी गल्लीभर आधीच पोचवली आहे. तू लंडनात पोलिसात लागलीस असे भाजीवाला मला ओरडून सांगत होता.

दुखणे कुठे आहे ते पाहिल्याशिवाय औषध देऊ नये. पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकव, वाळू नसेल तर तांदळाच्या. आणि तू नव्हे, दुसऱ्या जाणत्या माणसाने दहा छर्रे मारावेत. त्याचेही डावीकडे गेले तर दोष साइटचा. ही परीक्षा तू टाळशील अशी मला शंका आहे. टाळू नकोस.

साइट सोडवताना आधी पिस्तूल रिकामे आहे हे पाहा, आणि पाहिल्यावर पुन्हा पाहा. साइट आता आहे तिथे पेन्सिलीने रेघ ओढ. व्हाइसच्या लोखंडी जबड्यात लाकडाच्या पट्ट्या घालूनच आवळ. ठोकायचे ते पितळेने, लोखंड लावशील तर जन्माचा चरा पडेल. डावीकडून उजवीकडे, हलके हलके, पाहुण्याने दार वाजवावे तसे. छर्रे जिकडे न्यायचे तिकडेच बॅकसाइट न्यायची. पुढची साइट कानशीने घासावी असे मनात आले असेल, तर तो विचार तिथेच सोड. घासलेले लोखंड परत येत नाही.

एवढ्यावरही हलली नाही तर जोर करू नकोस. खाचेच्या कडेला काय साचले आहे ते खरवड आणि त्याचा रंग, वास कळव. दिल्लीचे पुढच्या पत्री लिहीन.

शशिधररावांस आशीर्वाद. प्रकृतीस जपावे.

तुझा,
बाबा


हाउन्सलो,
९ फेब्रुवारी २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही मला बरोबर ओळखता. क्लबच्या बाहेर मी वीस मिनिटं गाडीतच बसून होते. मग आत गेले, बासमतीची पिशवी टेबलावर ठेवली आणि सेक्रेटरी गॉर्डन यांना दहा छर्रे मारायला सांगितलं. सत्तरीचे गृहस्थ आहेत, नेम पक्का. तांदूळ बघून न बघितल्यासारखे करून त्यांनी नेम धरला, ते इथल्या लोकांचं वळण. दहाच्या दहा डावीकडे, अगदी माझ्यासारखेच! ते म्हणाले की बाईत दोष नाही, सामानात आहे. घरी येताना मी मोठ्यानं गात होते.

मग शेडमध्ये तुमचं सगळं तंतोतंत केलं. पितळेची सळी मिळाली नाही, म्हणून आईनं दिलेल्या वेलदोड्याच्या पितळी खलातला बत्ता घेतला. पण साइट केसभरही सरकली नाही. खाचेच्या कडेला पिवळट, काचेसारखं कडक काहीतरी आहे. वास घेतला तर अगदी ह्यांच्या क्रिकेटच्या बॅटचा. विचारलं तेव्हा हे आधी खाली बघायला लागले, मग कबूल झाले. मी कामात होते तेव्हा मला बरं वाटावं म्हणून ह्यांनी साइट उतरवून पुसली, गंज नको म्हणून बॅटचं तेल चोळलं आणि अंदाजानं परत बसवून टाकली. रागवावं की हसावं?

चार आठवडे उरलेत. मी हार मानलेली नाही, तुम्हीही मानू नका.

तुमची,
कस्तुरी


सातारा,
१९ फेब्रुवारी २००४

चि. सौ. कस्तुरीस,
अ. उ. आशीर्वाद.

जावयांना सांग, रागावलो नाही, पण हत्याराला पुन्हा हात लावू नये. बॅटचे तेल म्हणजे जवसाचे. रायफलीच्या लाकडी दस्त्याला आम्ही तेच चोळायचो, लाकूड ते पिऊन टाकते. लोखंड पीत नाही, मग ते वर वाळून व्हार्निश होते. टर्पेंटाइनचा थेंब थेंब कापसाने खाचेत सोड, आतल्या रबराला लागू देऊ नकोस. दोन दिवस असे कर. मग सगळे कोरडे पूस, वास गेला की केस वाळवायच्या यंत्राने हाताला सोसेल इतके गरम कर आणि ठोक. सुटेल.

आता दिल्लीचे. तुमच्या कॉलेजच्या बंदुका मीच तपासायचो आणि तुझी नेमाची कार्डे मीच मोजली होती. पाच गोळ्यांची भोके एका रुपयाखाली झाकली जात. हात थरथरत नव्हता. त्याच आठवड्यात शशिधररावांकडचे तुला पाहायला येणार होते आणि चांगले स्थळ जाईल अशी मला भीती वाटली. तुला तोंडावर नाही म्हणायचे धैर्य झाले नाही, म्हणून तुझ्या हाताला नाव ठेवले. पोरगी दोन दिवस रडेल आणि विसरेल असे वाटले होते. तू बावीस वर्षे ते खरे मानून बसलीस, हे तुझ्या पत्रावरून कळले. माझे चुकले.

रागावलीस तरी पत्र लिहावे.

तुझा,
बाबा


हाउन्सलो,
१४ मार्च २००४

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र एक तारखेला आलं. पहिलं पान वाचून शेडमध्ये गेले. दुसरं वाचलं आणि दोन दिवस तुमच्याशी अबोला धरला. तुम्हाला तिकडे पत्ता लागला नसेल, पण मी तो नेटानं पाळला. ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले की तू दिल्लीहून परत येईपर्यंत आम्ही थांबलो असतो, आमची काय गाडी चुकत होती? ते ऐकून मी जास्त रडले.

साइट तिसऱ्या दिवशी सुटली. बत्त्याच्या चौथ्या ठोक्याला कट्ट आवाज झाला आणि ती पेन्सिलीच्या रेघेवरून उजवीकडे सरकली. संध्याकाळी क्लबात छर्रे मधोमध. सात तारखेला मी माझ्याच पिस्तुलानं उभी राहिले. तिसऱ्या दहा छर्ऱ्यांच्या वेळी हात खरंच थरथरला, बाबा. पिस्तूल खाली ठेवलं, चार श्वास घेतले, पुन्हा उचललं. गॉर्डन नंतर म्हणाले की त्यांचा पन्नास वर्षं थरथरतोय. चाळीस छर्रे, चारशेपैकी तीनशे अठ्ठावन्न गुण. पाचवी आले, एका गुणानं. संघात आहे.

शेवटच्या दहा छर्ऱ्यांचं कार्ड सोबत पाठवते. ते कपाटात ठेवू नका. निंबाळकर मॅडम आता कोरेगावला असतात, एसटीनं फार लांब नाही. तुम्ही स्वतः जा, कार्ड त्यांच्या हातात द्या आणि माझ्या हाताबद्दल त्यांना खरं काय ते तुमच्या तोंडानं सांगा. यमुनाकाकूंना बरोबर नेऊ नका, नाहीतर तुमच्याआधी त्याच सांगून मोकळ्या होतील.

जाऊन आलात की लिहा. तोवर मी रागावलेलीच आहे.

तुमची,
कस्तुरी