मासळीचं पाणी

प्रिय केशरताई,

पाकीट बघून घाबरू नकोस. पोटातलं बाळ बरं आहे, मीही आता बरी आहे. फोन केला असता, पण तुझा फोन दाजींच्या खिशात असतो, आणि लागला तरी आवाज मोठा करून सगळं घर ऐकतं. मला सांगायचंय ते एवढ्या माणसांत बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसले. बसले म्हणायचं नुसतं. दोन ओळी झाल्या की उठावं लागतं. आत्ताच जाऊन आले आणि परत लागल्यासारखं वाटायलंय.

तेच सांगायचंय. सहावा महिना लागला आणि मला लघवी धरवेना. आधी नुसतं सारखं जावं लागायचं. ते सगळ्याच बायांना होतं म्हणून मी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस गाडीत शिंक आली आणि कपडा ओला झाला. पुढं खोकला आला तरी तेच, हसू आलं तरी तेच. माझी ड्यूटी परभणी ते येलदरी. चालत्या एसटीत उभ्यानं तिकिटं काढायची, गाडी खड्ड्यात आदळली की माझा जीव वर. गाडी थांबली की गडीमाणसं कुठंही आडोशाला जातात. आपण पोट सांभाळत कुठं जावं? मी घरून निघताना पाणी पिणंच बंद केलं. दुपारपर्यंत घसा कोरडा पडायचा, डोकं ठणकायचं, तरी गळायचं ते गळायचंच. आत जुन्या लुगड्याची घडी घेऊन जायचे आणि सगळं लक्ष तिथं. वास येतोय का, मागं डाग दिसतोय का, कोणी बघायलंय का. प्रवासी जिंतूर म्हणायचा आणि मी परभणीचं तिकीट काढून द्यायचे.

भागवतना सांगितलं नाही. ते मानवतच्या कापसाच्या जिनिंगवरून दमून येतात. मी खाट वेगळी केली, तर त्यांना वाटलं मी रुसलेय. रुसलेयच असं मी त्यांना वाटू दिलं. ते सोपं होतं. डोहाळजेवणात हिरवी साडी नेसून पाटावर बसले होते, बाया हसत होत्या, आणि मी आतून नुसती घट्ट होऊन बसले होते, कधी एकदा उठते असं झालेलं. तू आली नाहीस. आई म्हणाली, केशरला आपल्या माणसांची गरज राहिली नाही. 

मग गेल्या महिन्यातली गोष्ट. येलदरीहून दुपारची गाडी निघाली. धरणावरच्या मासळीवाल्या बाया चढल्या. त्यांतली नर्मदाबाई नेहमीची, जिंतूरच्या बाजाराला जाणारी. दारापाशी माझ्या सीटजवळ बर्फाच्या पाण्यातला मासळीचा टब घेऊन बसते. गाडी गच्च भरलेली. आमचे ड्रायव्हर रामप्रसादमामा, त्यांच्यासमोर म्हैस आडवी आली आणि त्यांनी जोरात ब्रेक मारला. मी उभी होते, ती धाडकन सीटवर पडले, आणि ताई, सगळं सुटलं. थेंब नाही, सगळंच. सलवार घोट्यापर्यंत भिजली, सीटवरून खाली पत्र्यावर ओघळ गेला. पलीकडच्या माणसानं चप्पल उचलली आणि विचारलं, हे पाणी कुठून यायलंय?  वाटलं, दार उघडावं आणि चालत्या गाडीतून उतरून जावं.

नर्मदाबाईनं खाली बघितलं, मग माझ्या तोंडाकडं बघितलं. आणि पुढ्यातला टब गुडघ्यानं आडवा केला. बर्फाचं पाणी माझ्या पायांवर, सीटखाली, त्या माणसाच्या पिशवीवर, सगळीकडं झालं. "आगं बाई, टबच कलंडला की," ती म्हणाली. "म्याडम, तुमचा डिरेस समदा भिजिवला मी." अर्धी गाडी तिच्यावर तुटून पडली. घाण वास सुटला, हिला खाली उतरवा, असल्या बायांना गाडीत घेताच कशाला, असं काय काय बोलली माणसं. ती वाकून मासे गोळा करत राहिली. मी कंडक्टर, माझ्या गाडीत ती शिव्या खात होती, आणि मला मान वर करता येत नव्हती.

जिंतूरला उतरणारे सगळे उतरले तरी ती थांबली. आपली शाल तिनं माझ्या कमरेला गुंडाळली आणि स्टँडमागं तिच्या ओळखीच्या घरी नेलं. रामप्रसादमामा पाठ करून उभे होते. म्हणाले, "मी टायर बघायलोय, तुमी या निवांत." मी अंग धुतलं, त्या घरातल्या पोरीची सलवार घातली. बाहेर येऊन नर्मदाबाईला म्हणाले, माझ्यापायी तुम्ही एवढं ऐकून घेतलं. तर ती म्हणाली, "माज्या धाकट्या लेकराच्या पाठी मलाबी असंच झालतं. मी तशीच बाजारात बसायची. मासळीच्या पाण्यात कोणाला कळतंय? तुमच्यापाशी तर लपवायलाबी काई न्हाई." आणि जाताना दोनदा बजावलं, पाणी पिणं तोडू नका.

पण त्याला उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, कंबर धरली, पोट दगडासारखं घट्ट व्हायला लागलं. भागवतनी परभणीला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, लघवीत जंतू झालेत, आणि कळा अशाच वाढल्या तर बाळ आताच बाहेर येईल. ताई, सातव्यातलं बाळ. त्यांनी मला ठेवून घेतलं, सलाईन लावलं, औषधं दिली. मी पोटावर हात ठेवून पडून होते आणि एकच मनात, की लाजेपायी मी ह्याला तहानेलं ठेवलं. कळा थांबल्या तेव्हा मी भागवतना सगळं सांगितलं. त्यांनी घरी आल्यावर माझी खाट ओढून आपल्या खाटेला लावली.

आता मी भरपूर पाणी पिते. डॉक्टरबाईंनी शिकवलंय तसं लघवीची जागा आतून आवळून धरायची, सोडायची, परत आवळायची. शिंक आली की पाय एकमेकांवर घ्यायचे. लागायची वाट न बघता ठरल्या वेळी जाऊन यायचं. डेपोच्या साहेबांनी मला स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसवलंय. अजून पूर्ण थांबलेलं नाही, पण जीव पहिल्यासारखा टांगलेला नसतो.

दवाखान्यातून निघताना डॉक्टरबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला असा त्रास आहे का? मी नाही म्हणाले. मग गाडीत बसले आणि एकेक आठवायला लागलं. तुझा धाकटा झाला ते उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, आणि थोड्याच दिवसांत तू डोक्यावर मोळ्या वाहायला लागलीस. माझ्या लग्नात तू जेवायला पंगतीत बसली नाहीस, मांडवाच्या कडेला उभी होतीस. माहेरी आलीस तरी गादी नको म्हणून ओट्यावर पोतं टाकून निजायचीस, आणि आमच्याआधी उठून ते धुवायचीस. मग येणंच बंद केलंस. आम्ही सगळे तुला गर्विष्ठ म्हणत राहिलो आणि तू ते म्हणू दिलंस. मी परत जाऊन डॉक्टरबाईंना विचारलं. तुझं नाव घेतलं नाही. त्या म्हणाल्या, कितीही वर्षं झालेली असू द्या, पिशवी खाली सरकून अंग बाहेर येत असलं तरी त्यावर इलाज आहे, पण आता ओझं उचलू देऊ नका. दिवाळी झाली की तुमची ऊसतोडीची टोळी निघेल. त्याआधी येत्या मंगळवारी मी पोखर्णीला येते. दाजींना सांगेन, माझे दिवस भरत आलेत, सोबतीला ताई हवी. तू मला काही सांगू नकोस, कबूल करू नकोस. माझा अंदाज चुकला असेल तर खुशाल हस आणि पत्र चुलीत घाल. चुकला नसेल, तर नुसती माझ्याबरोबर परभणीच्या गाडीत बस.

वाट बघणारी, तुझीच
पंकी