ह्यांचा बँड खरंच मोठा होता का

७ जानेवारी १९९६, रविवार

...पाणी साडेपाचला यायचं. आधी पिंप, मग हंडे. दूध तापत ठेवून कांदे चिरायला बसायचं, कारण नवाच्या आत पाच पुरुषांचे पोहे व्हायला हवेत. त्या दिवशी स्टोव्हची पिन मोडली होती, शेजारून आणली. पोहे निथळत ठेवले, दाणे तळले. तेवढ्यात ह्यांनी बाहेरच्या खोलीत रेकॉर्ड लावली. गाणाऱ्याचा जाड, संथ आवाज. शब्द मला कळत नव्हते. एवढंच जाणवलं की बाहेर कोणी बोलत नाहीये. पाच पुरुष एका खोलीत आणि कोणी बोलत नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची कुठलीतरी सकाळ. काही घडलं नव्हतं त्या दिवशी. आज आठवली ती नीताच्या बोलण्यामुळे.

येत्या महिन्यात हे जाऊन दहा वर्षं होतील. दरवर्षी त्या सुमाराच्या रविवारी ह्यांचे मित्र येतात, त्या इंग्रज बँडच्या रेकॉर्डी लावतात, मी पोहे करते. आज कल्याणहून मोकाशींचा फोन आला शेजारी. ४ तारखेला येतोय म्हणाले. घरात येऊन सांगितलं तर नीता गिटारच्या तारा पुसत होती, मान वर न करता म्हणाली,

"परत तोच बँड? आई, नाव मोठं आहे नुसतं. तुम्ही लोकांनी ऐकून ऐकून मोठं केलंय त्यांना."

मी म्हटलं, मी नाही केलं. मी पोहे केले.

ती हसली. मला हसू आलं नाही.

९ जाने.

राग जात नाही. चार साड्यांना फॉल लावायचे होते, दोनच झाले. एकाचा टाका उसवून परत घातला.

नीताला गाण्यातलं कळतं. कॉलेजच्या बँडमध्ये वाजवते, माजिवड्याला सरांकडे शिकायला जाते. तिचं बरोबर असेल तर? ह्यांना रंगाच्या कंपनीत तिन्ही पाळ्या. झोप पुरी व्हायची नाही, तरी रविवारची सकाळ त्या बँडची. माहेरच्या लग्नांना मी एकटी जायची. भांडणंही झाली त्यावरून. ते सगळं कशासाठी होतं? मोठ्या गोष्टीसाठी, की लोक मोठं म्हणतात म्हणून?

हे गेले तेव्हा नीता नऊ वर्षांची. चिडायला तिला बाप मिळाला नाही, म्हणून बँडवर चिडते की काय. (हे उगाच शहाण्यासारखं लिहिलं. असू दे.)

१३ जाने. शनि.

लायब्ररीत गेले. बाईंना विचारलं, ह्या बँडबद्दल मराठीत काही आहे का. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तुम्हाला हवंय?" म्हटलं हो, मलाच. जुन्या रविवार पुरवण्यांचा गठ्ठा काढून दिला, त्यात एक पानभर लेख सापडला. उभ्या उभ्याच वाचला. एका पिढीचा आवाज. क्रांती. झंझावात. विशेषणांवर विशेषणं, पण त्या गाण्यात आहे काय ते एका ओळीतही नाही. लिहिणाऱ्याने ऐकलंय की नाही तेही समजत नाही.

आणि पिढी कुठली? मीही त्याच पिढीची. मला कोणी विचारलं नव्हतं.

पुस्तकाचं बरं असतं. सातवीनंतर शाळा सुटली ती सुटली, पण वाचायला मला कुणाची परवानगी लागली नाही. मोठमोठ्या लोकांनी थोर म्हटलेली दोन पुस्तकं मी अर्ध्यावर परत केली आहेत आणि एक कुणाला माहीत नसलेलं तीनदा वाचलंय. आपलं आपण ठरवता येतं. ह्या बँडचं मात्र मी ठरवूच शकले नाही. कधी बसून ऐकलंच नाही. रेकॉर्डच्या मशीनला हात लावायचा नाही, सुई बिघडते, हा ह्यांचा नियम. माझ्या गाण्यांना रेडिओ होता.

लेखाच्या शेवटी लिहिलंय की ते लोक अजून दौरे करतात, अजून स्टेजवर उड्या मारतात. चांगलं आहे. ह्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन जिने चढवेनात.

१७ जाने. बुध.

काय झालं ते नीट लिहिते.

नीताला मला दाखवून द्यायचं होतं की ह्यांच्या आवडत्या गाण्यात काही नाही, तीन कॉर्डवर सगळं चालतं, तिच्या बँडमधला नवशिक्याही वाजवेल. रेकॉर्ड लावली आणि बरोबर वाजवायला लागली. जुळेना. गिटार लावून घेतली. तरी जुळेना. म्हणाली, हे कुठल्या पट्टीत गातायत? मग मैत्रिणीची कॅसेट आणली, तेच गाणं, तिच्या टेपवर लावलं. गिटार लगेच जुळली.

मी सुई-दोरा घेऊन दारात उभी. कॅसेटमधला आवाज कोवळा, पातळ. वीस-बावीस वर्षांचा मुलगा धावत धावत गात असल्यासारखा.

"हा कोण?"

"तोच आहे, आई. तेच गाणं."

नीताने परत रेकॉर्ड लावली. परत कॅसेट. तीन पट्ट्यांचा फरक, म्हणाली. रेकॉर्ड खाली आहे. आणि हळू.

२० जाने.

तिच्या सरांनी उलगडा केला. मशीन अमेरिकेतलं. चौऱ्याहत्तर साली मोकाशींच्या बोटीवरच्या भावाने आणलं आणि ह्यांनी त्याच्याकडून घेतलं. तिकडे विजेचा दाब कमी, म्हणून ट्रान्सफॉर्मर लावला. दिवा लागला, तबकडी फिरली, सगळे खूश. पण तिकडच्या विजेची चालही निराळी असते, आणि मोटर त्या चालीवर फिरते. आपल्याकडे ती हळू फिरते. आतली एवढीशी पुली बदलायची असते. कोणी बदलली नाही.

म्हणजे ह्यांनी जे ऐकलं ते जगात कोणीच ऐकलं नव्हतं. ह्यांनी आणि मोकाशी-तांबे ह्या मित्रमंडळींनी फक्त. आणि कांदे चिरताना मी.

आता आठवतं, रेडिओवर कधी तेच गाणं लागलं की हे म्हणायचे, रेडिओवाले वेळ वाचवायला पळवतात. मोकाशी मान डोलवायचे. बँकेतले, हिशेबाला पक्के, तेही.

नीता हसून हसून खोकायला लागली. "बावीस वर्षं, आई. बावीस वर्षं चुकीच्या स्पीडने थोर!" मग माझ्याकडे बघितलं, उठली. पाणी आणून दिलं. मला तहान नव्हती.

२३ जाने. मंगळ.

दु. फॉल पिकोचं काम. नीता आत वाजवत होती. ह्यांचं गाणं, ह्यांच्या चालीने. गिटार तीन पट्ट्या खाली उतरवून घेतलेली. बराच वेळ. नंतर बाहेर येऊन दाराला टेकली.

"एक सांगू? बाबांचं जास्त चांगलं आहे. हळू असल्यावर काहीतरी होतं त्या गाण्याचं. कॅसेटवालं काहीच नाही."

"म्हणजे मोठा कोण? बँड की ट्रान्सफॉर्मर?"

"माहीत नाही."

दोन आठवडे ठणकावून सांगत होती, आता म्हणते माहीत नाही. मला चिडच आली. एक म्हणतो क्रांती, एक म्हणते नुसतं नाव, आणि खोदायला लागलं की कोणालाच माहीत नाही. ह्यांना विचारायची सोय नाही.

२६ जाने.

सुट्टी. समोरच्या मैदानात झेंडावंदन, लाऊडस्पीकर दुपारपर्यंत.

ठरवलं. पुली बदलून घ्यायची, ४ तारखेच्या आत. नीता नको म्हणते. "राहू दे ना गं. काकांना काय फरक पडतो? त्यांना तेच आवडतं." हीच मुलगी त्यांना भ्रमिष्ट म्हणत होती.

मला फरक पडतो. ह्यांनी ज्याच्यावर जीव टाकला ते मुळात कसं होतं, हे एकदा ह्या घरात वाजायला हवं. मित्रांनाही कळू दे. खोट्या मापाने मापलेलं मला चालत नाही, मग ते आपल्या बाजूने का असेना.

असं लिहिलं तर खरं, पण भीती वाटते. कॅसेटमधल्या त्या पोराला ऐकून वाटलं होतं, ह्याच्यासाठी?

३० जाने. मंगळ.

मशीन जुन्या चादरीत गुंडाळून ठाण्याला नेलं. तलावपाळीच्या मागचा दुकानदार, नीताच्या सरांच्या ओळखीचा. पुली तयार करून ठेवली होती. उघडून बसवली, तबकडीवर ठिपके असलेला कागद ठेवून ट्यूबच्या उजेडात वेग तपासला, म्हणाला ठीक आहे. जुनी पुली टाकून दिली त्याने. मी मागितली नाही.

मोकाशींना अजून सांगितलेलं नाही. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं.

४ फेब्रु. रवि., सं.

आले सगळे. मोकाशी, कळव्याहून तांबे, बाकी दोघे. ह्यांच्या फोटोला हार मोकाशींनीच आणला नेहमीसारखा. पोहे झाले, चहा झाला. मग मीच सांगितलं. मशीन हळू होतं, नीट करून आणलंय. कसं आणि का तेही सांगितलं. मोकाशी म्हणाले, "वहिनी, कोणीतरी फसवलंय तुम्हाला. माझ्या भावाने आणलेली वस्तू आहे ती." नीताने रेकॉर्ड लावली.

पहिलं गाणं संपेपर्यंत कोणी बोललं नाही. पण ते गप्प बसणं नेहमीचं नव्हतं. तांबे चपलांकडे बघत होते. बाकीचे दोघे एकमेकांकडे.

मोकाशी म्हणाले, "बिघडवलंत मशीन."

"काका, हेच खरं आहे," नीता म्हणाली. "सगळ्या जगाने हेच ऐकलंय."

"मग जगाला सांग, जरा सावकाश ऐका म्हणावं."

बाकीचे दोघे हसले. मोकाशी हसले नाहीत. नीताही नाही. उलट ती म्हणाली, मलाही तुमचंच आवडतं काका, पण तो बँड तुमचा नाही. मोकाशी म्हणाले, पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून तो आमचा आहे. दोघांची बराच वेळ जुंपली. गंमत म्हणजे दोघं एकाच गाण्याच्या बाजूने भांडत होती आणि कोणाच्या ध्यानात येत नव्हतं.

तांबे मध्येच म्हणाले, माझ्याकडे बघून, अगदी हळू: "शरद म्हणायचा, ह्या माणसाला कसली म्हणजे कसली घाई नाही. पाळीवरून आल्यावर असा एक तरी माणूस भेटायला हवा."

त्यानंतर भांडण थांबलं.

ही गोष्ट हे मला कधी बोलले नव्हते. तांब्यांना बोलले. मी दोन पावलांवर आत पोहे परतत असायची.

जाताना मोकाशी दारात थांबले. जुनी पुली आहे का विचारलं. नाही म्हटलं. म्हणाले, पुढच्या वर्षी माझ्याकडे बसू सगळे, मुलाने नवीन सिस्टीम घेतली आहे, तुम्हालाही त्रास नको वहिनी. म्हटलं, बरं.

भांडी घासताना संताप आला. त्यांचा, आणि नीताचा, आणि माझा स्वतःचा. दहा वर्षं चालवलेली गोष्ट मी एका पुलीसाठी घराबाहेर घालवली. आणि हाती काय आलं? ह्यांना घाई नसलेला माणूस हवा होता. तो माणूस घाईतच होता. मग ह्यांचं चुकलं का? की त्या पोराच्या गाण्यात घाईच्या खाली आणखी काही आहे, जे हळू केल्यावर वर आलं? नसेल तर हळू केल्याने कुठून येणार? हे मला मोकाशी सांगू शकत नाहीत, नीता नाही, लायब्ररीतला लेख तर नाहीच.

६ फेब्रु. मंगळ.

रविवारी पडल्या पडल्या खूप विचार केला, त्यातलं लिहिण्यासारखं काही नाही. काल काय केलं तेवढं लिहिते.

काल सोमवार. नीता कॉलेजला गेली. फॉलच्या साड्या बाजूला ठेवल्या, दाराला आतून कडी घातली. ह्यांच्या रेकॉर्डी कपाटातून खाली काढून एकावर एक रचल्या आणि सगळ्यात जुनी घेतली. सुई ठेवताना थोडी खरखर झाली. खुर्चीत बसून दोन्ही बाजू ऐकल्या. आवडली नाही. दुसरी लावली.