विषम आठवडा काकाचा

१ डिसेंबर, मंगळवार
कबूल करून टाकतो. काकाच्या बुटात ग्रीस मी भरलं. नुसती गंमत म्हणून. पण पाय आत गेल्याबरोबर काकानं थेट मामाची कॉलर धरली. बाबा गेल्यापासून भंगाराचं यार्ड हे दोघं चालवतात, आणि काही झालं की एकमेकांवरच संशय. मामानं सायलेन्सर उचलून काकाच्या खांद्यात घातला. काकानं गाडीचं दार ढालीसारखं पुढे धरून मामाला टायरच्या ढिगात लोळवलं. मामाचे दोन दात गेले. एक मला सापडला. नेऊन दिला तर म्हणाला, ठेव तुलाच.

संध्याकाळी आईनं दोघांना झापलं. ती एकाची वहिनी, दुसऱ्याची ताई. उलटून बोलणार कोण? पुन्हा मारामारी झाली तर बुटाचा छडा लावीन, म्हणाली, आणि ज्यानं केलं तो घराबाहेर. हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हती. बहुतेक.

३ डिसेंबर
पुन्हा मारामारी होऊच द्यायची नाही. आपलं डोकं चाललं. यार्डाचं फाटक कार्डानं उघडतं आणि ते कॉम्प्युटर ठरवतो. वर्षातल्या प्रत्येक आठवड्याला नंबर असतो. विषम नंबर काकाचा, सम मामाचा. ज्याची पाळी नाही त्याला लाल दिवा. दोन ओळी लिहिल्या, जन्माची शांतता.

कॉम्प्युटर रिपेअरवाल्याला दाखवलं. वर्षअखेरीस एकदा तपासून घे, म्हणाला. हा सगळीकडे खोट काढतो.

७ डिसेंबर, सोमवार
आठवडा पन्नास. मामा आत, काका घरी. एक शिवी नाही.
ता.क. मामानं काकाच्या टेबलावरून फोर्कलिफ्ट नेली. टेबल आता पातळ आहे.

१४ डिसेंबर
एक्कावन्न. काकानं मामाची खुर्ची हातोड्यानं फोडली. मग उरलेले तुकडे फोडले. मग थोडं रडला. माणूस मात्र एकही जखमी नाही. याला सिस्टम म्हणतात.

२१ डिसेंबर
बावन्न. मामानं काकाचं कपाट क्रशरमध्ये घातलं. त्यात माझा डबा होता. मोठ्या कामात थोडं नुकसान चालतंच.

२८ डिसेंबर
त्रेपन्न. काकाची पाळी. सगळं सुरळीत. आईला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.

४ जानेवारी, सोमवार, सकाळी ९
आज मामाची पाळी. निवांत आहे.

९.१०
मामाच्या कार्डाला लाल दिवा. काका आत, हसतोय.

९.१२
कळलं. त्रेपन्न विषम. त्याच्या पुढचा नव्या वर्षाचा नंबर एक. तोही विषम. सलग दोन आठवडे काकाचे. आधी कुणी सांगितलं का? (रिपेअरवाल्यानं सांगितलं होतं. पण नीट नाही.)

९.१५
मामा ट्रक रिव्हर्स घेतोय. फाटकाकडे.

५ जानेवारी, डाव्या हातानं
फाटक गेलं. मामा एक्सल घेऊन उतरला, काका घणाचा दांडा. मी मधे उभा राहून सम-विषम समजावत होतो. दोघांचा पहिला फटका मलाच. पुढचं ऐकीव आहे. काकाच्या तीन बरगड्या, मामाचा जबडा, माझा उजवा हात.

हॉस्पिटलात तिघांचे पलंग ओळीत. मधे स्टुलावर आई. तिनं बुटाचा विषय काढला. मामानं बांधलेल्या तोंडानं ताईची शपथ घेतली, मी नाही. आणि काकानं चक्क मानलं. मामाला म्हणाला, भाऊ, चुकलंच माझं. दोघांनी हात मिळवले. ज्यानं ग्रीस भरलं तो सापडला की आठवडे वाटून घ्यायचे नाहीत, दोघांनी मिळूनच धरायचा, असं ठरलं.

बरोबर आहे, म्हणालो मी. सगळ्यात मोठ्यानं मीच म्हणालो.

आई नुसती बघतेय, या वहीकडे.

वहीबाई, तुझ्या पाया पडतो. पहिलं पान कुणाला दाखवू नकोस.