कललेली नळी

पोल्तावा, ८ जुलै २०१४

चि. मेलाना हिस,
लावरिनदादाचे अ. उ. आ.

एक गोष्ट तुझ्या नजरेस आली असेलच. रॉकेट पडते, फुटते, भिंती कोसळतात. पण त्याची मागची पोलादी नळी पुष्कळदा जमिनीत रुतून राहते. आणि ती ताठ क्वचितच उभी असते. असे का व्हावे? चाळीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवले, तरी असा प्रश्न दिसला की माझे हात खडूकरिता शिवशिवतात! ओल्या वाळूत पेन्सिल तिरकी फेकून पाहा. टोक पुढे घुसते आणि मागचे टोक, जिकडून ती आली, तिकडे कलते. नळीचेही तेच. एका नळीवर मात्र विसंबू नये, दगडाला आपटूनही ती वळते. जवळजवळच्या तीन-चार पाहाव्यात.

तू लिहितेस की बंडखोर म्हणजे तुमचेच खाणकामगार, रशियाचा त्यात हात नाही, आणि तोफा डागते ते कीवच्या सरकारचे सैन्य. बंडखोरांच्या चौकीवरचा पेत्रो तुमच्या शेजारच्या क्लावाचा मुलगा, हे मान्य. परंतु त्याच्या पाठीमागे उभी असलेली रॉकेटगाडी कोणत्या खाणीतून निघाली, तेवढे कळव. तुझ्या यजमानांना, प्रोखोरना, नमस्कार. हट्ट सोडा आणि इकडे या.

दादाला विसरू नये, ही विनंती.
लावरिन


खाणवस्ती, १७ जुलै

ती. दादांस,
मेलानाचा सा. न. वि. वि.

तुमचा धडा बसवाल्याने आणून दिला, त्या दिवशी आम्ही यांना पुरून आलो होतो. शनिवारी हे पावाच्या रांगेत होते. आवाज झाल्यावर मी धावले. मला आधी यांचा बूट सापडला. तो मी उचलला तर जड लागला, आत पाऊल होतं. बाकीचं ल्योन्याने चादरीत गोळा केलं. लेकाने बापाला गोळा केलं, दादा. रांगेतल्या सात जणांचं काय कुणाचं ते कळेना, म्हणून शेवटी पाद्रीबाबांनी सगळ्यांवर एकच प्रार्थना म्हटली.

तुमच्या नळीचं म्हणाल, तर क्लावाच्या परसात एक पडली होती. आमच्या गल्लीत कुणी खड्डा उघडा ठेवतं का? तिने त्याच संध्याकाळी खड्डा बुजवला, वाफा सारखा केला आणि नळी ताठ ठोकून तिच्यावर टोमॅटो चढवले. घरोघरी तेच. तुमचं शास्त्र सध्या वेली सावरतंय. तुम्ही पोल्तावात बसून खुशाल ओरडा, की आम्हाला रशियाने फितवलं! आमच्या डोक्यावर कीवची विमानं फिरली तेव्हा तुम्ही कुठल्या वर्गात होता?

पण भांडण राहू द्या. ल्योन्या सोमवारी बंदूक घ्यायला निघालाय. बापाला कीवने मारलं, मी कीववाल्यांना मारणार, एवढंच बोलतो. इथला नवा सरदार सीमेपलीकडून आलाय, रशियाच्या फौजेतून सुट्टीवर आल्याचं सांगतो. त्याने ल्योन्याला पोटाशी धरून मुला म्हटलं. आधी नवरा गेला, आता हा गेला तर मी कुणासाठी चूल पेटवू?

माया पातळ होऊ देऊ नका.
मेलाना


पोल्तावा, १९ जुलै

चि. मेलाना हिस,
अ. उ. आ.

कोणत्या तोंडाने सांत्वन करू? प्रोखोर माझ्याशी वाद घालताना नेहमी माझ्याच ताटातला बटाटा उचलीत. आता त्या वादात जिंकण्याची मला इच्छा उरलेली नाही.

तरीही एक सांगतो. पावाच्या दुकानापुढे डांबर आहे, तिथे कोणी टोमॅटो लावले नसतील. ल्योन्याला म्हणावे, बंदूक घेण्यापूर्वी मामाने तुला एकदा तिथे जाऊन पाहायला सांगितले आहे. नळ्या कुणीकडे कलल्या आहेत ते त्याने स्वतः पाहावे. पश्चिमेकडे, म्हणजे कीवच्या सैन्याच्या बाजूला, कललेल्या निघाल्या, तर मी त्याला अडवणार नाही. माझे शब्द मागे घेईन. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डोळ्यांवर ठेवा.

तुझा दादा,
लावरिन


खाणवस्ती, २३ जुलै

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं जाऊन पाहून आलो. दुकानापुढच्या चारही नळ्या पूर्वेकडे कललेल्या. तिकडे टेकडी आहे, टेकडीमागे आपले म्हणवणाऱ्यांच्या रॉकेटगाड्या आणि त्यांच्या पाठीशी रशियाची सीमा. नेम चुकला की मुद्दाम मारलं, देव जाणे. पण लगेच हुरळू नका. शाळेच्या अंगणातल्या दोन्ही पश्चिमेकडे कललेल्या आहेत, आणि तिथे रखवालदाराची सून मेली. तुमचं शास्त्र कुणाचाच सगा नाही, दादा.

ल्योन्या चिडलेलाच चौकात गेला. नाव नोंदवायला आलेल्या पोरांसमोर त्याने सरदाराला विचारलं, की माझ्या बापाला तुमच्या बाजूने आलेल्या रॉकेटने मारलं, ते कसं. सरदार आधी हसला. म्हणाला, आईने पोराला फार शिकवून ठेवलंय. मग बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर घातला. पडल्यावर आणखी दोनदा. जबडा तुटलाय, दात मी रुमालात घेऊन आले. एक पोरगं पुढे सरकलं तर त्याच्या पायाशी गोळी झाडली.

तासाभरात त्यांनी ट्रक आणला, साखळ्या बांधून दुकानापुढच्या नळ्या उपटल्या आणि खड्ड्यांत डांबर ओतलं. साखळी बांधायला पेत्रोच होता. त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलं नाही. शाळेतल्या नळ्यांना मात्र कुणी हात लावला नाही. उलट भोवती दोरी बांधून पहारा बसवलाय, आणि काल टीव्हीवाल्यांना आणून त्याच दाखवल्या.

उद्याच्या बसने आम्ही तुमच्याकडे निघतोय. ल्योन्याला बोलता येत नाही, पातळ लापशी करून ठेवा. त्याने बंदूक घेतली नाही. मला एवढं पुरे.

तुम्हाला धडे आवडतात, म्हणून एक माझाही घ्या. दारात रक्त सांडलं आणि दोन्हीकडचे लोक शपथा घेऊ लागले, की कोण काय ओरडतो ते ऐकत बसू नका. कोणत्या खड्ड्याभोवती दोरी बांधली आणि कोणता घाईघाईने बुजवला, तेवढं पाहा.

दार उघडं ठेवा, एवढाच लोभ.
मेलाना