साध्या कपाशीचं पाकीट

बाबा,

बीटीच्या बियाण्यासोबत बांधाकडून पेरायले साध्या कपाशीचं लहान पाकीट येते. कोणी पेरत नाही, तुमीही ते आढ्याले खोचून ठेवलं होतं. आज वाटलं, आपण पेरू, म्हणून काढलं. त्यात माह्या पलटणीची तार निघाली. सुटी रद्द, ताबडतोब हजर व्हा. तारीख नऊ दिवसांआधीची.

तुमी सही करून तार घेतली, अन् त्याच संध्याकाळी मले म्हणाले, पेरणी झाल्यावर जाय. माहे जोडीदार सीमेवर खंदकात, अन् मी इथं सरकी टोबत होतो.

मी मलकापूरहून गाडी पकडतो. आईले तारेचं सांगू नका. सुटी संपली म्हणून गेला, असंच सांगा. तांबड्या बैलाच्या खुराले हळद लावत जा.

आधी तुमाले रागात लय लिहिलं होतं, ते फाडून टाकलं.

रेडिओ दुरुस्तीले नेऊ नका, तो बिघडला नाही. सुट्या रद्द झाल्याची बातमी मी त्यावर ऐकली होती, तार यायच्या आदल्या दिवशी. सेल मीच काढले. माह्या जुन्या बुटात हायेत.

प्रसेनजित