फादरच्या बंगल्यातलं रजिस्टर

पोलादपूर, जि. रायगड
१२ जानेवारी २०२५

श्रीमती जेसिंता डाबरे यांस,

नमस्कार. आपण सगळी खुशाल असाल असं धरूनच चालतो, कारण आज मला धीर नाही.

आपलं पत्र चर्चच्या दाराखालून आत सरकवलेलं सापडलं. पूर्वी फादर इथंच राहायचे, म्हणून गावात सगळे चर्चला फादरचा बंगला म्हणतात. मग ते महिन्यातून एका रविवारी येऊ लागले, मग फक्त नाताळला. एका फादरांकडे पाच चर्चं, तेही सत्तरीचे, गुडघ्यांनी बेजार. ख्रिस्ती घरं तीनच उरली होती, ती पनवेलकडे गेली. आता चर्च कायमचं बंद झालंय. दोन फेब्रुवारीला बिशपांच्या ऑफिसची गाडी येणार आणि रजिस्टरं घेऊन जाणार. पुढं ती कुठल्या कपाटात पडतील आणि तुमच्यासारख्यांना कोण उत्तर देईल, कोण जाणे. आपण तीन ठिकाणी लिहिलंत आणि तिन्हीकडून ‘आमच्याकडे नोंद नाही’ एवढंच आलं, हे वाचून वाईट वाटलं.

मी ख्रिस्ती नव्हे. एसटीत ड्रायव्हर होतो, आंबेनळी घाटात तीस वर्षं गाडी चालवली. घर चर्चला लागून, म्हणून शेवटच्या फादरांनी चावी माझ्याकडे दिली.

आता बातमी. सापडलं! आपल्या आईच्या लग्नाची नोंद सापडली! बाप्तिस्म्याच्या रजिस्टराचा वाळवीनं भुगा केलाय, पण लग्नाचं रजिस्टर लोखंडी पेटीत होतं म्हणून वाचलं. पान बेचाळीस, तारीख १० मे १९६९. वर बस्त्याव डाबरे, वय सव्वीस, पुलाच्या कामावरचा फोरमन, राहणार वसई. वधू रोझी, आधीचं नाव रंगू, वय वीस, फादरांच्या दवाखान्यात कामाला. खाली तिची सही, गोल, ठसठशीत मराठी अक्षरात. पान लगेच मिळालं, शोधावं लागलं नाही.

‘आईच्या माहेराची, डावी बाजू अजून कोरी आहे,’ असं आपण वंशवृक्षाबद्दल लिहिलंत. पण वधूच्या वडिलांच्या नावावर शाई पसरली आहे. वाचता येत नाही. माफ करा.

आई हयात आहेत, हे आपण जाता जाता एका ओळीत लिहिलंत. तब्येत कशी असते? हिंडतात फिरतात का? तेवढं जरूर कळवा.

आपला,
महिपत (चर्चची चावी सांभाळणारा)


पोलादपूर
२४ जानेवारी २०२५

जेसिंताताई,

तुमचं उत्तर मिळालं. आई अजून स्वतः बाजारात जातात आणि कोळणीशी भांडून मासळी घेतात, हे वाक्य मी चार वेळा वाचलं. चौथ्यांदा मोठ्यानं हसलो, तशी घरातली सगळी बाहेर आली.

पसरलेल्या शाईचा तरी फोटो पाठवा, आमच्या शाळेतले सर कॉम्प्युटरवर वाचून बघतील, असं तुम्ही लिहिलंत. म्हणून सुनेला, रेश्माला, मोबाइल घेऊन चर्चमध्ये नेलं. पान उघडलं तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसलोय.

रेश्मा म्हणाली, “आबा, शाई कुठं पसरलीय? सोनबा पार्टे लिहिलंय की सरळ. हे तर आपलं नाव हाय!”

शाई पसरलेली नाही. कधीच नव्हती. सोनबा पार्टे माझे वडील. रंगू माझी सख्खी ताई. ती हे लग्न करून घर सोडून गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो.

चावी फादरांनी दिली हे खरं, पण मी मागितली म्हणून दिली. दर वर्षी १० मेला मी ते पान काढून ताईची सही बघत होतो. फादरांना माहीत असावं. त्यांनी कधी विचारलं नाही.

तुम्हाला खोटं का लिहिलं ते सांगतो. १९७२ मध्ये ताईचं पत्र आलं होतं. पाकीट बंद होतं, पण आत फोटोचा जाड कागद आहे हे हाताला कळत होतं. वडील म्हणाले, “लिही त्यावर, या पत्त्यावर कोणी राहत नाय.” घरात लिहिता येणारा मी एकटाच. आई चुलीपुढं बसली होती, तिनं मान वर केली नाही. मी लिहिलं आणि माझ्याच हातानं टपालपेटीत टाकून आलो.

वडील गेले ते साल १९९१. त्यानंतर मला कोण अडवत होतं? कोणी नाही. नुसती लाज. ताईनं तुम्हाला माहेरचं नाव का सांगितलं नाही, हे आता तुम्हाला कळलं असेल.

पानाचा फोटो सोबत जोडला आहे, मागं रेश्माचा नंबर आहे. ताईला हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण तुमचं पत्र आल्यापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही, एवढं मात्र खरं लिहितो.

महिपत सोनबा पार्टे


पोलादपूर
३ फेब्रुवारी २०२५

चि. जेसिंता,

आता ‘तुम्ही’ लिहायला हात तयार नाही. तुझ्या आईनंच तशी ताकीद दिलीय.

परवा तू शाळेत शिकवायला गेली होतीस तेव्हा तिचा फोन आला. रेश्मानं मोबाइल माझ्या कानाला लावला. मी “हॅलो” म्हटलं. तर पलीकडून म्हणते, “महिप्या, आवाज फुटला रे तुझा!”

मी म्हटलं, “गो ताई, त्याला पंचावन्न वर्षं झाली!”

मग दोघं हसत सुटलो. तीच बोलत राहिली. गोठ्यात आता गाय कोणती, दारचा आंबा आहे का, आई कशी गेली. शेवटी मीच म्हटलं, “ताई, ते पाकीट.”

“ते होय,” ती म्हणाली. “अक्षर बघितलं तेव्हाच कळलं, तू लिहिलंयस. र ची शेपटी लांब काढायची खोड तुझीच. पाटीवर मीच गिरवून घेतलं नव्हतं का? दोन वर्षं तुझा राग केला. मग एक दिवस वाटलं, अक्षर चांगलं वळलंय, म्हणजे पोराला शाळेतून काढलेलं नाय. तेव्हापासून जपून ठेवलंय.”

आत फोटो कुणाचा होता माहीत आहे? तुझा. सहा महिन्यांची होतीस.

काल गाडी येऊन गेली. बरोबर एक तरुण फादर होते, भले गृहस्थ. पेटी उचलण्याआधी मी त्यांना पान बेचाळीस दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, “काका, अर्ज केला की नक्कल मिळेल, पण माणसं कमी आहेत, वेळ लागेल.” आणखी चार पत्रं दाराखाली पडली होती, एक तर लंडनहून आलेलं, कुणी आजोबा शोधतंय. तीही त्यांच्या हातात दिली आणि उत्तर द्याच म्हणून सांगितलं. रिकामं कपाट बघून मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. चावीही त्यांनी नेली.

शुक्रवारी महाडच्या स्टँडवर उतरा. तिथून पुढं मी गाडी केली आहे. मुलगा मला चालवू देत नाही, पण मी पुढं बसून ड्रायव्हरला वळणं सांगणार आहे. ताईला गाडीत मळमळायचं, लिंबू बरोबर ठेव. रेश्मानं आतापासून तांदूळ दळायला टाकलेत.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण नक्कल यायला किती महिने जातील सांगता येत नाही, आणि तुझ्या वंशवृक्षाच्या फाइलीला कागद लागतो. तो पुढं देत आहे, डाव्या बाजूला लाव.

लिहून देतो की रोझी बस्त्याव डाबरे, माहेरची रंगू सोनबा पार्टे, हिचं माहेर पोलादपूर. घर चालू आहे. आणि या पत्त्यावर तिचा सख्खा भाऊ राहतो.

सही,
महिपत सोनबा पार्टे
तुझा मामा