वर्गातली हलगी

गुरुजी, तुमचा कान फुटला तो दिवस मला अजून नीट मांडता येत नाही. कोरेगावजवळच्या आमच्या शाळेत तुम्ही सांगलीहून आलात आणि गाण्याच्या तासाला पेटी नाही म्हणून आम्हाला लेझिमा, टिपऱ्या आणि रंगीत रुमाल दिलेत. तुम्ही मऊ नव्हता. ताल चुकला की टिपरी घोट्यावर बसायची, आणि घोटा सुजला तरी दुसऱ्या दिवशी गोलात उभं राहावं लागायचं. "रुमाल वर गेला की पाय खाली. रडायचं असलं तर तालात रड," असं तुम्ही मला एकदा म्हणालात. सगळा वर्ग हसला. मी रडतच लेझीम पुरी केली.

हलगी वाजवायला मांगवाड्यातला एक पोरगा होता, माझ्याच वयाचा. तो व्हरांड्यात बसून वाजवायचा आणि आम्ही आत नाचायचो. गावाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. एके सकाळी तुम्ही त्याला आत बोलावलंत, त्याच्या हातात लेझीम दिलीत आणि त्याची हलगी माझ्या खांद्याला अडकवलीत. नुकतीच विस्तवावर शेकलेली होती, छातीला ऊब लागली.

माझे वडील तेव्हा पलटणीतून रजेवर आले होते. मुलगा कसा नाचतो ते बघायला ते शाळेत आले आणि दारातच थांबले.

"मास्तर, पोराच्या अंगावर ते चामडं कुनी घातलं?"

"मी. ताल हातात आला की पायात येतो. सगळ्यांनाच देणार आहे, पाळीपाळीनं."

"वाजवायला ती हायेत, नाचायला आमी हाय. सांगलीचं शानपन हितं नगा शिकवू."

"मग तुमचं पोरगं निम्मंच शिकेल," तुम्ही म्हणालात.

वडिलांनी मांगवाड्यातल्या पोराच्या हातातली लेझीम हिसकावली. लोखंडी साखळीचा पहिला फटका तुमच्या कानावर बसला, दुसरा त्याच जागी. तुम्ही भिंतीला टेकून खाली बसलात, पण त्या पोराला पाठीमागं ओढून घेतलंत, म्हणून तिसराही तुमच्याच हातावर आला. मग माझ्या खांद्यावरची हलगी ओढून त्यांनी ती बुटाखाली फोडली. मी अजून तिथंच उभा आहे. रक्त तुमच्या सदऱ्याच्या गळ्यात उतरतं आहे आणि तुम्ही म्हणता आहात, "पोरांनो, रुमाल गोळा करा. तास संपला."

कान चिघळला. ताप डोक्यात चढला. थंडीत तुम्हाला सांगलीला नेलं आणि तिथंच तुम्ही गेलात. गाव म्हणतं, मास्तर तापानं गेले. वडील पलटणीत परतले. घरी कुणी तो विषय काढला नाही, मीही नाही.

आता मी कडेगावकडच्या एका शाळेत बदली मास्तर आहे. शिक्षण सातवीपर्यंतच, त्यामुळं फळ्यावरचा प्रत्येक शब्द दोनदा तपासतो. गाण्याचा तास माझ्याकडं आहे. टिपरी मी कुणाच्या घोट्यावर मारत नाही, तेवढं तुमचं मी घेतलं नाही. हलगी मात्र पाळीपाळीनं सगळ्यांच्या हातात जाते. मागच्या आठवड्यात एका पोरीनं विचारलं, "गुर्जी, आय म्हनली, हिला शिवल्यावर अंघूळ कर. करू व्हय?"

"घाम आला तर कर," मी म्हणालो. ती हसली आणि अशी वाजवायला लागली की बाकीच्यांचे पाय आपोआप उचलले गेले. माझं लक्ष दाराकडं होतं. पूर्ण तासभर ते दाराकडंच असतं.

वडील आता पेन्शनीत आहेत. हात तेव्हाइतकेच जड आहेत. परवा त्यांनी निरोप धाडला: पोरगं मास्तर झालंय, एकदा येऊन त्याची लेझीम बघतो. हलगी कपाटात लपवावी असं आधी वाटलं, मग दारात उभं राहून तुमच्यासारखं बोलावं असं वाटलं. मी उलट निरोप पाठवला की शाळेत परीक्षा चालू आहे, गाण्याचा तास बंद आहे.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एवढं लिहिता आलं. परीक्षा दिवाळीनंतर आहे, गुरुजी. तास उद्याही आहे.